बर्णबाच्या पाठोपाठ

थाप हळू मारा. या घराच्या दारावर जोरात थाप पडली की आतली माणसं दचकतात.

तुम्ही यरुशलेमच्या एका अरुंद गल्लीत उभे आहात. इसवी सन 36 किंवा 37चा सुमार आहे. पायाखालचा चुनखडीचा दगड पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी गुळगुळीत झालाय आणि मंदिराच्या बाजूने संध्याकाळच्या होमार्पणाच्या धुराचा वास अजून येतोय. अंगातला लोकरीचा अंगरखा टोचेल, पण थोड्या वेळाने सवय होईल. माणसं अरामी बोलतायत, या प्रवासापुरतं ते तुम्हाला समजणार आहे.

दार बोटभर उघडतं. आतून कुणीतरी तुम्हाला न्याहाळतं, आत घेतं आणि अडसर पुन्हा लावतं. अंगणात पाण्याचे दगडी रांजण, कडेने जिना, वर माडी. माडीवर वीसेक माणसं चटयांवर दाटीवाटीने बसली आहेत. कोनाड्यात जैतुनाच्या तेलाचे दोन दिवे. मधोमध जवाच्या भाकरी आणि खारवलेले मासे मांडलेत, पण कुणी हात लावलेला नाही. वाद चाललाय.

शौल परत आलाय.

एवढं ऐकूनच तुमच्या शेजारची बाई डोक्यावरचं वस्त्र घट्ट ओढून घेते. तिच्या नवऱ्याला याच शौलाने घरातून फरफटत नेलं होतं. अशा बायका त्या वेळी या शहरात कितीतरी होत्या. लूकने प्रेषितांच्या कृत्यांत त्यांची नावं दिलेली नाहीत, पण शौल घरोघर शिरून पुरुषांना आणि स्त्रियांनाही ओढून तुरुंगात टाकत होता, हे त्याने आडपडदा न ठेवता लिहिलंय. स्तेफनला दगडांनी ठेचून मारलं, तेव्हा दगड मारणाऱ्यांनी आपली वस्त्रं ज्या तरुणाच्या पायांशी काढून ठेवली, तो हाच.

आणि आता तो म्हणतोय की मीही येशूचा शिष्य झालोय, मला तुमच्यात घ्या.

खोलीतल्या कुणाचाच यावर विश्वास नाही. म्हातारे म्हणतात, ही चाल आहे. आधी नावं काढून घेईल, मग घरं दाखवेल. तरुण म्हणतात, बदलला असेल तर बदलू दे, पण आमच्या उंबऱ्याच्या बाहेर. या लोकांना भित्रे म्हणू नका. ते जे बोलतायत ते अनुभवाचं बोलतायत. तुम्ही त्या बाईच्या जागी असतात तर तुम्हीही दाराला अडसरच घातला असता. तिला क्षमेचा उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही.

खाली पुन्हा थाप पडते. हळू. जिन्यावर दोन माणसांची पावलं वाजतात.

पुढे आहे तो कुप्र बेटाचा लेवी, मूळ नाव योसेफ. प्रेषितांनी त्याला बर्णबा म्हणायला सुरुवात केली, कारण तो धीर देणारा माणूस होता. खोलीतले सगळे त्याला ओळखतात. मंडळीतल्या गरिबांची आबाळ व्हायला नको म्हणून त्याने आपलं शेत विकलं आणि आलेली रक्कम प्रेषितांच्या पायांशी आणून ठेवली. तेव्हापासून त्याच्या शब्दाला इथे वजन आहे.

तो एकटा नाही. त्याने शौलाला हाताशी धरून आणलंय.

खोलीत काय होतं ते नीट बघा. कुणी ओरडत नाही. फक्त लोक मागे सरकतात. एवढ्या दाटीतही त्या दोघांभोवती हातभर जागा मोकळी होते. तुमच्या शेजारची बाई उठून भिंतीला टेकते. शौल मान वर करत नाही. दमिष्कात त्याला मारायला टपलेल्या लोकांपासून वाचण्यासाठी तो रात्री पाटीत बसून कोटाच्या भिंतीवरून खाली उतरला होता. तिथे शत्रू वाट बघत होते, इथे ज्यांना आपले म्हणायचं त्यांनीच पाठ फिरवलीय. या घटकेला त्याला जगात जागा नाही.

मग बर्णबा बोलतो. लांबण लावत नाही. प्रेषितांपुढे तो तीन गोष्टी मांडतो. शौलाला वाटेत प्रभू कसा दिसला, प्रभू त्याच्याशी कसा बोलला, आणि दमिष्कात शौलाने येशूच्या नावाने किती धैर्याने भाषण केलं. एवढंच. याला माफ करा, असं तो म्हणत नाही. तुमची भीती खोटी आहे, असंही म्हणत नाही. त्याला जे कळलंय ते तो साक्षीदारासारखं सांगतो आणि शौलाचा हात सोडत नाही.

मला या प्रसंगातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. बर्णबा ती हकिकत सांगू शकला, कारण त्याने ती आधी ऐकली होती. सगळं शहर दारं लावून घेत होतं, तेव्हा कुठल्या तरी कोपऱ्यात, कुठल्या तरी ओट्यावर हा माणूस शौलाच्या समोर बसला आणि त्याने त्याला बोलू दिलं. मधे न तोडता. आपण कुणाला धीर द्यायला जातो तेव्हा बहुधा बोलायची तयारी करून जातो. बर्णबा आधी ऐकायला गेला.

आणि मग गावच्या सोसायटीत दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहावं, तसा तो शौलाच्या मागे उभा राहिला. शेत विकून, वर्षानुवर्षं चांगलं वागून जी पत कमावली होती, ती त्याने एका संध्याकाळी त्या माणसाच्या नावावर लावली. शौल फितूर निघाला असता तर बर्णबाला या शहरात तोंड दाखवायला जागा उरली नसती. माझं म्हणणं या लेखात एवढंच आहे की ख्रिस्ती विश्वासात धीर देणं म्हणतात ते हे. गोड शब्द त्यात असतील, नसतील, पण आपलं काहीतरी डावाला लागलेलं असतं.

पेत्र उठतो. पंधरा दिवस शौल त्याच्याकडे राहणार आहे, हे पुढे शौलानेच, पौल या नावाने, गलतीकरांना लिहिलं. कुणीतरी भाकर मोडून शौलाच्या हातात देतं. भिंतीला टेकलेली बाई अजून तिथेच आहे. ती जेवत नाही. तिला घाई करू नका.

थोड्याच दिवसांत यरुशलेममध्येही शौलाच्या जिवावर बेतेल. बंधुजन त्याला कैसरियाला नेतील आणि तिथून त्याच्या गावी, तार्सला पाठवून देतील. मग लूकच्या लिखाणात बरीच पानं त्याचं नाव येत नाही. पुढची काही वर्षं तो कुणाच्या फारसा ध्यानीमनीही नसेल.

आता तुम्ही उत्तरेला सुमारे पाचशे किलोमीटर सरकला आहात आणि साल 43च्या आसपासचं आहे.

हे अंत्युखिया. रोम आणि अलेक्झांड्रिया सोडलं तर साम्राज्यात याहून मोठं शहर नाही. एका अंगाला ओरोंतेस नदी, दुसऱ्या अंगाला सिल्पियस डोंगर, मधून सरळसोट राजरस्ता. त्याची फरसबंदी थोरल्या हेरोदाच्या पैशाने झाली. उन्हात त्या दगडाकडे बघवत नाही. खांबांच्या सावलीला व्यापारी, सैनिक, गुलाम, सावकार, ज्योतिषी. ग्रीक कानावर पडते, मधेच अरामी, मधेच लॅटिन. तुमच्या काळात हेच शहर तुर्कस्तानातलं अंताक्या आहे आणि 6 फेब्रुवारी 2023च्या भूकंपाने त्याचं काय केलं, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलेलं आहे. भूकंप या शहराला नवे नाहीत. तुम्ही उभे आहात त्याच्या सहा-सात वर्षं आधीही एक मोठा हादरा बसून गेलाय.

इथे काहीतरी वेगळं घडलंय. स्तेफनच्या मृत्यूनंतर पांगलेले काही शिष्य इथवर आले. त्यांतले कुप्र आणि कुरेने इथले काहीजण यहुद्यांपुरते थांबले नाहीत. त्यांनी ग्रीकांनाही येशूची सुवार्ता सांगितली आणि ग्रीक मोठ्या संख्येने येऊ लागले. या धाडसी माणसांची नावं कुठेच नोंदलेली नाहीत. यरुशलेमला बातमी गेली आणि तिथल्या मंडळीने चौकशीसाठी एक माणूस पाठवला. बर्णबा.

संध्याकाळच्या जेवणाला बसा. एकाच ताटात यहुदी आणि ग्रीक हात घालतायत. जन्मभर ज्यांनी एकमेकांच्या घरचं पाणी घेतलं नाही, अशी माणसं शेजारी मांडी घालून बसली आहेत. भाषा अडखळते, प्रार्थना करताना कुणी उभं राहतं, कुणी गुडघे टेकतं, कुणाला काहीच ठाऊक नाही. शास्त्रातलं काय पाळायचं, काय नाही, याचा पत्ता नाही. चुका काढायच्या म्हटल्या तर रात्र पुरणार नाही. आणि ज्याच्या हातात चुका काढायचा अधिकार आहे, तो दारात उभा राहून हे सगळं बघतोय.

सगळ्यांचे हात थांबतात. तपासणीला आलेल्या माणसासमोर जेवण घशाखाली उतरत नाही, हे दोन हजार वर्षांपूर्वीही तसंच होतं.

बर्णबा हसतो. लूक लिहितो की त्याला देवाची कृपा दिसली आणि आनंद झाला. मग तो पायातल्या वहाणा सोडतो आणि त्याच ताटापाशी बसतो. त्या रात्री आणि नंतर कित्येक दिवस तो त्यांना एकच गोष्ट सांगत राहतो की मनाचा निश्चय करून प्रभूला धरून राहा. तुमच्या समोर बसलेल्या ग्रीक पोराचा चेहरा बघा. घरच्यांनी टाकलंय, जुन्या मित्रांनी देवळाच्या मेजवानीला बोलावणं बंद केलंय, आणि यरुशलेमहून आलेला हा वडीलधारा माणूस त्याला म्हणतोय की तुझं खरं आहे, सोडू नकोस. हे वाक्य त्याला कुणीतरी मोठ्या माणसाने म्हणायला हवंच होतं.

मंडळी वाढते. बर्णबाचं नाव होतं. आता इथे थांबून मोठं व्हायला काहीच हरकत नव्हती. पण त्याच्या लक्षात येतं की या लोकांना नीट शिकवायला हवं, आणि ज्याला यहुद्यांचं शास्त्रही आतून माहीत आहे आणि ग्रीकांची भाषाही, असा माणूस त्याच्या ओळखीत आहे. त्याने ज्याचा हात धरला होता, तो. तार्सला.

तर चला, उठा. सुमारे दोनशे किलोमीटरची वाट आहे. अमानुस डोंगरातली खिंड चढून उतरायची, मग डाव्या हाताला समुद्र ठेवत इस्ससच्या मैदानातून जायचं. इथेच इसवी सनापूर्वी 333मध्ये अलेक्झांडरने दारयवेशाचा पराभव केला. बर्णबा त्याबद्दल काही बोलत नाही. तो भराभर चालतो. पायाला फोड आले तर पट्टी बांधा, तो थांबून तुमच्यासाठी वाट बघेल.

तार्स मोठं गाव आहे, विद्वानांचं आणि विणकरांचं. किलिकियातल्या बकऱ्यांच्या केसांचं जाडं कापड इथलंच. तंबू शिवणाऱ्यांच्या आळीत बकरीच्या केसांचा उग्र दर्प नाकात बसतो. बर्णबा दुकानामागून दुकान विचारत जातो. पत्ता नाही, निरोप पाठवायची सोय नाही, माणूस जिवंत आहे का तेही कुणी सांगत नाही. लूकने शोध हाच शब्द वापरलाय आणि तो खरा आहे. कुणाला तरी त्याच्या विसरल्या गेलेल्या जागेवरून उठवायचं, तर आधी तिथवर पायपीट करावी लागते.

शौल सापडतो. दोघांमध्ये काय बोलणं झालं, ते लूकने लिहिलेलं नाही, म्हणून मीही तुम्हाला ते ऐकवणार नाही. तुम्ही जरा लांब उभे राहा. तुम्हाला इतकंच दिसेल की एकटा आलेला माणूस दुकट्याने परत निघालाय.

त्यानंतर पूर्ण एक वर्ष ते दोघे अंत्युखियात शिकवत राहिले. शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा याच शहरात मिळालं. हळूहळू त्या ताटाभोवती कुणीकुणी जमलं बघा. शिमोन, ज्याला निगर म्हणत, म्हणजे काळा. लूक्य, आफ्रिकेतल्या कुरेनेचा. मनाएन, जो हेरोद अंतिपाबरोबर लहानाचा मोठा झाला. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं डोकं ज्याने उडवायला लावलं, तो हा हेरोद. आणि त्यांच्यात शौल. प्रत्येकाच्या पाठीवर काही ना काही ओझं होतं आणि प्रत्येकाला इथे काम मिळालं.

पुढचा मुक्काम पुन्हा यरुशलेम. क्लौद्य बादशहाच्या कारकिर्दीत, साधारण 46-47च्या सुमाराला, यहुदीयात दुष्काळ पडलाय. धान्याचे भाव चढलेत. इतिहासकार योसेफस लिहितो की अदियाबेनेची राणी हेलेना, जिने यहुदी धर्म स्वीकारला होता, तिने त्या वेळी अलेक्झांड्रियाहून धान्य आणि कुप्रहून सुके अंजीर मागवून शहरात वाटले. अंत्युखियाच्या मंडळीकडे राणीची तिजोरी नव्हती. अगब नावाच्या संदेष्ट्याने दुष्काळाची सूचना दिली, तेव्हा प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे द्यायचं ठरवलं. त्यांतल्या बहुतेकांनी यरुशलेम पाहिलंही नव्हतं. वर्गणी गोळा झाली आणि ती पोचवायची जबाबदारी बर्णबा आणि शौल या दोघांवर आली.

त्यांच्याबरोबर त्या ओळखीच्या जिन्याने वर चढा. दिवा एकच आहे या वेळी. तेलही महाग झालंय. रांजण अर्धा रिकामा. माणसांचे गाल बसलेत. वडीलजन समोर येतात आणि शौल कमरेची थैली सोडून त्यांच्या पुढ्यात ठेवतो. ज्या हातांनी या शहरातल्या घरांमधून माणसं ओढून नेली, ते हात आता या शहरासाठी भाकरीचे पैसे मोजतायत.

ती बाई तुम्हाला आठवते ना? ती इथेच आहे. केस पिकलेत. वडीलजन सांगतात त्याप्रमाणे ती तिचा वाटा घ्यायला पुढे येते. शौलाकडे बघते. तिने त्याला क्षमा केली की नाही, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आजही नाही. पण ती या वेळी भिंतीला टेकून उभी राहत नाही. बर्णबा बाजूला उभा आहे, एक शब्द न बोलता. त्याने त्या संध्याकाळी तिला घाई केली नव्हती.

इथून परतताना दोघांनी एका तरुणाला बरोबर घेतलं. योहान, ज्याला मार्क म्हणत. त्याची आई मरिया यरुशलेमची. तिच्या घरी मंडळी प्रार्थनेला जमायची आणि पेत्र तुरुंगातून सुटल्यावर सरळ तिच्याच दाराशी आला होता. मार्क बर्णबाच्या नात्यातला, भाऊ लागायचा.

त्यानंतर हे तिघे सुवार्ता सांगत निघाले, त्या सफरीतून मी तुम्हाला घाईने नेतोय, कारण ती सगळ्यांना पाठ आहे. कुप्र, मग समुद्र ओलांडून पंफुल्यातलं पिर्गा. तिथे मार्क त्यांना सोडून घरी गेला. याच सफरीत लूकच्या लिखाणातला क्रमही बदलतो. आतापर्यंत बर्णबा आणि शौल असं होतं, कुप्रनंतर बहुतेक ठिकाणी पौल आणि बर्णबा असं होतं. शिकवायला आणलेला माणूस पुढे गेला आणि आणणारा मागे राहिला. बर्णबाने तक्रार केल्याची एकही ओळ नाही. लुस्त्रात लोकांनी पौलाला दगडमार करून मेला म्हणून गावाबाहेर ओढून टाकलं. शिष्य भोवती जमले, तो उठला आणि दुसऱ्या दिवशी बर्णबाबरोबर दर्बेला गेला. मग ते दोघे पुन्हा त्याच लुस्त्रात आले. जिथे दगड खाल्ले तिथे, कारण तिथे नवे विश्वासणारे होते आणि त्यांना धीर द्यायचा होता. तुम्ही त्या वेशीतून परत आत जाल का, याचा विचार करा. मी बराच केलाय.

बर्णबाला मी देव्हाऱ्यात बसवत नाही. एकदा अंत्युखियात यरुशलेमहून काही कडक मताची माणसं आली, तेव्हा पेत्र ग्रीकांच्या पंगतीतून उठला आणि बर्णबाही त्याच्याबरोबर वाहवत गेला. ज्या ताटापाशी त्याने स्वतः वहाणा सोडल्या होत्या, त्याच ताटापासून तो दूर झाला. पौलाने हे गलतीकरांना लिहिलंय आणि त्या ओळीत त्याला झालेलं दुःख आजही कळतं. सगळ्यांना जवळ घेणाऱ्या माणसाला कुणालाच दुखवणं जमत नाही, आणि कधीकधी त्यातूनच तो एखाद्याला फार दुखावतो. तो ग्रीक पोरगा त्या दिवशी कुठल्या तोंडाने जेवला असेल!

आता शेवटचा मुक्काम. पुन्हा अंत्युखिया, साल 49च्या आसपास.

पौल म्हणतोय, ज्या ज्या गावी आपण वचन सांगितलं तिथे परत जाऊ, बंधुजन कसे आहेत ते बघू. बर्णबा लगेच तयार होतो आणि म्हणतो, मार्कलाही घेऊ. पौल नाही म्हणतो. जो पंफुल्यातून आपल्याला सोडून गेला, कामाला आला नाही, त्याला पुन्हा घेणं बरं नाही.

पौलाचं चूक आहे असं मला म्हणवत नाही. तौरुस डोंगरातल्या वाटेवर दरोडेखोर असतात, नद्या फुगतात, गावं दगड घेऊन उठतात. तिथे अर्ध्यातून परतणाऱ्या सोबत्याची किंमत बाकीच्यांना जिवाने मोजावी लागते. त्याच्या पाठीवर लुस्त्राच्या खुणा आहेत. तो हिशेबाने बोलतोय.

बर्णबा मात्र ऐकत नाही. आयुष्यभर मवाळ राहिलेला माणूस इथे अडून बसलाय. आवाज चढतात. खोलीतले बाकीचे खाली बघतात. कोपऱ्यात मार्क उभा आहे. आपल्यावरून या दोघांचं भांडण होतंय हे ऐकणं किती अवघड असेल. पण दुसरीही एक गोष्ट त्याच्या कानावर पडतेय. ज्याने पळ काढला त्याच्या बाजूने कुणीतरी भांडतंय.

तुम्हाला यरुशलेमची ती माडी दिसतेय. हातभर मोकळी जागा, खाली मान घातलेला शौल, त्याचा धरलेला हात. पौलाला त्याची आठवण करून द्यावी, असं ओठांवर येतं. पण तुम्ही इथे पाहुणे आहात.

समेट झाला नाही. पौल सीलाला घेऊन सूरिया आणि किलिकियाच्या वाटेने गेला. बर्णबा मार्कला घेऊन तारवात बसला आणि कुप्रला गेला. एवढ्या वर्षांचा सोबती, स्वतः शोधून आणलेला, त्याला सोडून तो एका फसलेल्या पोराबरोबर निघाला. सुलूकियाच्या बंदरावर उभे राहून ते तारू दिसेनासं होईपर्यंत बघा, कारण यानंतर प्रेषितांच्या कृत्यांत बर्णबाचं नाव पुन्हा येत नाही.

तुम्हाला परत आणण्याआधी पुढची थोडी हकिकत सांगतो. काही वर्षांनी करिंथकरांना लिहिताना पौल स्वतःच्या हाताने कष्ट करून सेवा करणाऱ्यांत आपल्याबरोबर बर्णबाचं नाव घेतो. म्हणजे राग धरून ठेवलेला नव्हता. कलस्सैकरांच्या पत्रात मार्क पौलाजवळ आहे आणि तो आला तर त्याचं स्वागत करा, अशी सूचना आहे. आणि पौलाचं अखेरचं म्हणून परंपरेने मानलं गेलेलं तीमथ्याला दुसरं पत्र, जे तुरुंगातून लिहिलेलं आहे, त्यात तो मार्कला बरोबर घेऊन ये म्हणतो, कारण सेवेसाठी त्याचा उपयोग आहे. ज्याला तो कामाचा नाही म्हणाला होता, त्याच्याबद्दलचे हे शब्द आहेत. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा पापियस सांगतो की मार्क पेत्राचा दुभाषा झाला आणि पेत्राकडून ऐकलेलं त्याने लिहून ठेवलं. मंडळीच्या परंपरेने त्यालाच दुसऱ्या शुभवर्तमानाचा लेखक मानलं, आणि बहुतेक अभ्यासक ते चारांतलं सर्वांत आधी लिहिलेलं समजतात.

नव्या करारात पौलाच्या नावाने तेरा पत्रं आहेत आणि मार्कच्या नावाने एक शुभवर्तमान. बर्णबाच्या नावाने एकही नाही. परंपरा म्हणते की तो कुप्रमधल्या सलमीस इथे रक्तसाक्षी झाला. 11 जूनला त्याचा सण असतो.

तुमच्या मंडळीतून, कामातून किंवा घरातून कुणी अर्ध्यावर निघून गेलं असेल आणि त्याचं नाव काढलं की सगळे गप्प होत असतील, तर 11 जूनची वाट बघू नका. या आठवड्यात त्याच्याकडे जा, आधी त्याचं ऐका, आणि परत येताना त्याला बरोबर घेऊन या.